कॅसेटच्या शेवटची तीन मिनिटं

सोमवारी सकाळी घनसावंगीच्या स्टँडवर जीपमध्ये चढले तेव्हाच मी दमलेली होते. दोन दिवस घरी राहून माणूस ताजंतवानं होतं असं होस्टेलच्या मुलींना वाटतं. पण दोन दिवसांत कपडे, जात्यावरची डाळ, मावशीकडची पूजा आणि 'कॉलेजात नेमकं शिकवतात तरी काय' हा प्रश्न, एवढं सगळं उरकून यायचं असतं. त्यात सातच्या काळीपिवळीत (आपली भाड्याची जीप) मधल्या सीटवर पाच जणी. त्यातली चौथी मी.

होस्टेलच्या भिंतीशी उभं राहून हे 'कानोसा' भित्तिपत्रक वाचणाऱ्या मैत्रिणींनो, दर पंधरवड्याला इथे पाच नव्या गाण्यांची खबर असते. या वेळी एकच आहे. टीव्हीवर हल्ली जीपच्या टपावर गिटार घेऊन नाचणारी चार मुलं येतात, त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं होतं. ते राहिलं. त्यांचं काही बिघडणार नाही. त्यांच्याकडे जीपही आहे आणि गिटारही.

तर आमच्या जीपमध्ये एक गाणं होतं. ड्रायव्हर बबनमामा. पन्नाशीचे, कायम कपाळाला आठी. गाण्यांबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढल्याचं मला आठवत नाही. गाडीत टेप वाजला नाही तर पब्लिक दुसऱ्याच्या गाडीत बसतं, म्हणून टेप. त्यांची एक भरून घेतलेली कॅसेट होती. सिनेमातली सगळी गाणी संपली की दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी तीनेक मिनिटं एक भलताच आवाज यायचा. घोगरा, संथ, मागे बुलबुल तरंग. ना सिनेमाचा, ना भजनाचा.

पाळी सुटली, हात धुतले, काळं निघत नाही
सायकलीला रस्ता ठाऊक, मी वळवत नाही

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खिडकीला डोकं टेकून अर्धवट झोपेत होते. जागी झाले आणि जालना येईपर्यंत जागीच राहिले. पुढचं वर्षभर मी दर सोमवारी सातचीच जीप धरली, ती या तीन मिनिटांसाठी. तुम्हाला सांगितलं नाही, कारण कुणी गायलंय ते ठाऊक नव्हतं आणि गाणाऱ्याचं नाव नसलेली खबर मी भिंतीवर लावत नाही.

त्या सोमवारी अंबड मागे पडल्यावर बबनमामा सहज म्हणाले, "उद्या ही भरून घ्यायलो दुसरी. लग्नसराई आली, लोक हळदीची गाणी मागून राह्यले."

मला भरून घेणं म्हणजे काय ते कळायला एक क्षण लागला. तीच कॅसेट. तिच्यावरच नवी गाणी. म्हणजे जुनी गेली.

"मामा, एक दिवस मला द्या. फक्त आजचा."

"अन् मी काय वाजवू? शिट्टी?"

"संध्याकाळी पाचला आणून देते. तुमच्या परतीच्या ट्रिपच्या आधी. नक्की."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. जालन्यात अंबड चौफुलीला उतरताना कॅसेट काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "पाचला म्हंजी पाचला. न्हाई आली तर मी निघालो." डबीतल्या कागदावर दुकानाचा शिक्का होता, बसस्टँडसमोर, भोकरदन. बबनमामांची सासुरवाडी तिकडची.

आता माझी अक्कल ऐका. आपल्या होस्टेलसमोरच कॅसेट भरून देणारा आहे. तिथे आधी एक प्रत काढून ठेवली असती तर हे सगळं तुम्हाला वाचावं लागलं नसतं. पण मला वाटलं, ज्या दुकानात भरली तिथे मूळ कॅसेट असेल, प्रतही स्वच्छ निघेल आणि नावही कळेल. कॉलेजचे दोन तास बुडवले आणि भोकरदनची एसटी धरली.

एसटीने दीड तासाचे अडीच केले. एमआयडीसीकडचे लोखंडाने भरलेले ट्रक रस्ता अडवून उभे होते. पुढे दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या काळ्या रानात पऱ्हाट्यांचे ढीग, आणि दुसरं काही नाही. राजूरला गाडी रिकामी झाली, तेवढीच पुन्हा भरली. शेजारच्या आजींनी माझ्या मांडीवर त्यांची पिशवी ठेवली आणि झोपून गेल्या. पिशवीत बहुधा वरवंटा असावा.

भोकरदनला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दुकान सापडायला वेळ लागला नाही. एका शिंप्याच्या आणि एका बियाण्यांच्या दुकानाच्या मधली फट म्हणावी एवढं. आत भिंतभर कॅसेटी, मागे फळीवर दोन खणांचा मोठा डेक, पुढे काउंटरवर एक छोटा टेप. त्यामागे पंचेचाळिशीचा माणूस, चष्मा कपाळावर, समोर जेवणाचा डबा उघडा.

"बसा ना ताई. उन्हाच्या आल्यात. यादी आणली का?"

लोक गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट घेऊन येतात, तशीच मी एक. मी म्हटलं, यादी नाही, एक गाणं विचारायचंय. छोट्या टेपमध्ये कॅसेट घालून शेवटपर्यंत पुढे नेली. गाणं सुरू झालं. पहिल्या दोन ओळी झाल्या आणि त्यांनी पट्कन बटण दाबून टेप थांबवला. हाताला खिचडी लागलेली, ती बटणाला लागली.

"हे कुठं भेटलं तुम्हाला?"

"घनसावंगीच्या जीपमध्ये. कोण गातंय हे?"

त्यांनी उठून हात धुतले, पुसले, परत बसले. मग म्हणाले, "मीच की."

त्यांचं नाव सलीमभाई. आधी आठ वर्षं जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये. भट्टीसमोर, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. मिल सोडून भोकरदनला आले आणि हे दुकान टाकलं. लोकांच्या यादीतली गाणी भरली की कॅसेटच्या शेवटी दोन-तीन मिनिटं उरतात. एवढ्यात दुसरं गाणं बसत नाही. बाकीचे दुकानदार तिथे काहीतरी अर्धं गाणं कोंबतात.

"मला मोकळी जागा दिसली की राहवायचं न्हाई," सलीमभाई म्हणाले. "दुपारी शटर अर्धं खाली घ्यायचो अन् गाऊन टाकायचो. तेव्हाच सुचायचं, तेव्हाच भरायचं. कॅसेट गिऱ्हाइकाची. ती गेली की गाणं बी गेलं."

"तुमच्याकडे एकसुद्धा नाही?"

"न्हाई ना."

"कुणी विचारलं नाही, कोण गातंय म्हणून?"

"आल्ते ना लोक. मागचं खरखर तेवढं पुसून द्या म्हणायचे. मंग द्यायचो पुसून." ते हसले, पण मला हसू आलं नाही. "विचारायला आलेल्या तुम्हीच पहिल्या. अन् हे तर मिल सुटली त्याच महिन्यातलं. किती बार आठवून पाह्यलं ताई, दोन ओळींच्या पुढं येतच न्हाई."

मी पुन्हा टेप लावायला हात पुढे केला. त्यांनी अडवलं. "थांबा, थांबा. आधी उतरवून घेऊ. ही पट्टी जुनी झाली, कुठं अडकली तर? एक बार उतरली की मंग आरामात ऐकू." फळीवरून त्यांनी एक कोरी कॅसेट काढली, तिचं वेष्टण दाताने फाडलं, आणि दोन्ही कॅसेटी घेऊन मागच्या मोठ्या डेककडे गेले. गाण्याच्या सुरुवातीला पट्टी लावली, खण बंद केले, दोन बटणं एकदम दाबली. भरताना आवाज बारीक ठेवायची त्यांची पद्धत, बाहेर शिंप्याला त्रास नको म्हणून.

मग त्यांनी डब्यातली खिचडी आणि खट्टा (चिंच आणि तिळाचं आंबटगार कढण) झाकणावर वाढून मला दिला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी खरंच अधाशासारखी खाल्ली. त्यांनी विचारलं, जीपवाला कसा माणूस आहे, गाणं लागल्यावर काय म्हणतो. मी म्हटलं, काही म्हणत नाही, त्याला गाण्याचं काही नसतं. वर मोठ्या तोऱ्यात 'कानोसा'बद्दलही सांगितलं. बोलताना माझी नजर डेकच्या दिव्यांवर गेली. गाणं भरताना ते हिरवे-लाल दिवे नाचतात. ते नाचत नव्हते.

"सलीमभाई, दिवे..."

त्यांनी मान वळवली आणि तेवढ्यात पट्टी संपून खट् आवाज झाला.

त्या डेकचा डावा खण वाजवायचा, उजवा भरायचा. इतकी वर्षं गिऱ्हाइकाच्या हातातून आलेली कॅसेट उजव्या खणात गेली होती. दिवसातून वीस वेळा, न बघता. माझ्या हातातून आलेलीही तशीच गेली. डावीकडे त्यांची कोरी कॅसेट इमानदारीने वाजली आणि तिची शांतता बबनमामांच्या कॅसेटवर शेवटपर्यंत भरली गेली. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन प्लास्टिकचे कान असतात, ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. पण भरून घेतलेल्या कॅसेटचे कान कुणी मोडत नाही. पुढच्या हंगामात तीच वापरायची असते.

सलीमभाईंनी पट्टी मागे नेली, आवाज मोठा केला. नुसती सू सू. पुन्हा मागे नेली. सिनेमातलं गाणं संपलं आणि सू सू. मग ते स्टुलावर बसले आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मला रडू आलं. त्यांच्यासाठी आलं की स्वतःसाठी, ते तिथे कळलं नाही. जालन्यात प्रत न काढणारी शहाणी मीच होते.

"तुम्ही ऐकलंय ना," ते म्हणाले. "म्हणा की."

मैत्रिणींनो, तुम्हाला माहीत आहे मी गात नाही. गॅदरिंगच्या समूहगीतातही बाईंनी मला 'ओठ हलव फक्त' असं सांगितलं होतं. दोन वर्षं मी या भिंतीवर सगळ्यांच्या आवाजाला नावं ठेवली. तीच मी भोकरदनच्या भर बाजारात, एका बाजूला शिलाई मशीन चालू असताना, डोळे मिटून गायले. पहिलं कडवं आलं. दुसरंही आलं.

पुलावरती थांबलो थोडा, बिडी पेटवली
दिवसभराची धग हाताची वाऱ्याला दिली

सलीमभाईंनी काउंटरखालून बुलबुल तरंग काढलं. दोन ठिकाणी माझी चाल चुकली तेव्हा बोटांनीच दुरुस्त केली, म्हणजे चाल त्यांच्या बोटांत होती. पण तिसऱ्या कडव्याला मी थांबले. तिसरं कडवं होतं, नक्की होतं. त्याच सुमाराला जालना दिसायला लागायचं, मी ओढणी-पिशवी आवरायला लागायचे. कॅसेटवर आहेच की, असं मनात असायचं. ते बुलबुल वाजवत वाट बघत राहिले आणि मला एक शब्द आठवला नाही.

शेवटी त्यांनी दोन कडव्यांचंच गाणं उजव्या खणातल्या कॅसेटच्या त्या मोकळ्या जागेत पुन्हा गायलं, आणि स्वतःजवळ ठेवायला कोऱ्या कॅसेटवरही. आवाज पूर्वीपेक्षा जड झाला होता. दुसऱ्या कडव्यानंतर ते थोडा वेळ नुसतंच वाजवत राहिले, मग थांबले. निघताना मला म्हणाले, "तुमचा काही कसूर न्हाई. हात माझा." मी पत्ता तेवढा लिहून घेतला.

परतीची गाडी राजूरच्या अलीकडे पंक्चर झाली. होऊ दे म्हटलं. कंडक्टर आणि ड्रायव्हर चाक बदलत होते, तोवर मी बाभळीखाली बसून तिसरं कडवं आठवत होते. चौफुलीला पोचले तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती आणि बबनमामांची जीप भरून उभी होती. 'मी निघालो' म्हणणारा माणूस निघाला नव्हता. आतली माणसं मात्र माझ्याकडे बघून कुरकुरली.

"झालं काम?"

मी खिडकीशी उभी राहून सगळं सांगितलं. पुसलं गेलं, पुन्हा भरलं, सगळं. त्यांनी कॅसेट लावली, शेवटापर्यंत पुढे नेली आणि ऐकायला लागले. स्टिअरिंगवर दोन्ही हात, नजर समोर. गाणं संपलं.

"एक कडवं गेलं," बबनमामा म्हणाले.

"हो. मला नाही आठवलं."

"ताटाचं."

"काय?"

"ताटाचं कडवं." आणि ते अंबड, अंबड, घनसावंगी असं पुकारतात ना, त्याच एका सुरात, समोर बघतच त्यांनी सांगून टाकलं.

ताट झाकलं, दिवा बारीक, कडी न लावलेली
एवढ्यासाठी आठ मैलांची वाट तुडवलेली

मी म्हटलं, मामा, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी डबीतल्या कागदाच्या मागे लिहून घेतलं, जीपच्या दाराला कागद टेकवून लिहिताना एक ओळ गिचमिड झाली. मागच्या सीटवरून कुणीतरी "चला की जल्दी" म्हणालं. बबनमामांनी गाडी सुरू केली आणि जाता जाता विचारलं, "पुढची गाणी बदलून मागचं तसंच ठेवता येतं का गं?"

येतं, मी म्हटलं.

होस्टेलवर आले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. पाय सुजले होते. कॉलेजचे दोन तास बुडाल्याचं होस्टेलच्या बाईंना कळलं होतं, त्यांचं बोलणं मी उभ्याने ऐकून घेतलं. मग खोलीत येऊन बसले. वर्षभर या गाण्याची मी एकटीच राखण करतेय असं मला वाटत होतं. ज्याला गाण्याचं काही नसतं असं मी सलीमभाईंना खिचडी खाता खाता सांगून आले, त्याला ते तोंडपाठ होतं. मला लाज वाटली, आणि फार दिवसांनी बरंही वाटलं.

मंगळवारी सकाळी भोकरदनला पोस्टकार्ड टाकलं. त्यावर दोनच ओळी लिहिल्या, ताटाच्या. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं नाही, बबनमामांचं घातलं.