मावशी बोट चाटत नाही

माझी मावशी बेकरीत केकवर नावं लिहिते. एकतीस वर्षं झाली. पोरांची नावं, नवरा-बायकोंची, निवृत्त होणाऱ्या साहेबांची. अक्षर छापल्यासारखं आणि तोंड असं की मालकसुद्धा दबकून असतो. दोन वर्षांपूर्वी तिला डायबेटिस निघाला, तेव्हा घरचे सगळे एकच बोलले. बेकरीतलं काम, दुसरं काय होणार!

मावशीने मात्र दुखण्याशी उभा दावा मांडला. जेवताना आधी भाज्या, मग डाळ, भात सगळ्यात शेवटी आणि तोही अर्धी वाटी. जेवण झालं की बेकरीमागच्या गल्लीत पंधरा मिनिटं फेऱ्या. मग पुन्हा काम, आणि दोन तासांनी बोटाला सुई टोचून मशीनवर आलेला साखरेचा आकडा वहीत.

सकाळचा आकडा घरी ठीक यायचा. सुट्टीच्या दिवशी जेवणानंतरचाही ठीक. बेकरीतला तेवढा तीनशेच्या वर. तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, वही उघडून निकालच लावून टाकला.

"आई, तू तिथे क्रीम चाटतेस. या महिन्यात काम सोडायचं."

"एकतीस वर्षांत एकदाही बोट तोंडात घातलं नाही मी!" मावशी कडाडली. "आणि काम सोडून काय करू? तुझं तोंड बघत बसू?"

खरं सांगते, माझाही तिच्यावर विश्वास बसला नाही. त्याची अजून लाज वाटते.

"उद्या तीन वाजता दोघं या," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यांदेखत टोचते."

गेलो. मावशीने हातातला क्रीमचा कोन खाली ठेवला, बोटं एप्रनला पुसली, सुई टोचली. तीनशे चोवीस.

"झालं समाधान?" भाऊ म्हणाला.

मावशीचा चेहरा उतरला. मला रडूच आलं. चोर नसताना चोर ठरली होती बिचारी.

मान खाली घालून ती एप्रनकडे बघत राहिली. एप्रन पिठीसाखरेने पांढराफटक होता. मग तिने बोटं डोळ्यांजवळ नेली. नखांच्या कडेला तीच पांढरी पूड.

"थांबा," ती म्हणाली. साबण लावून हात खसाखसा धुतले, स्वच्छ टॉवेलने कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. एकशे छप्पन्न.

"मशीन बिघडलंय," भाऊ पुटपुटला.

"हो का? आण तुझं बोट."

तिने त्याचं बोट धरून पिठीसाखरेच्या डब्यात खुपसलं, एप्रनला पुसलं आणि नवी सुई टोचली. भावाला कसलाही आजार नाही. आकडा आला तीनशे अकरा.

"अरे देवा," मावशी म्हणाली, "किती रे चाटलंस? उद्यापासून तुझं ऑफिस बंद."

मी खो खो हसत सुटले. भाऊ कानापर्यंत लाल झाला. मालक मध्ये डोकावला, तर त्याला तिने तिथल्या तिथे बजावलं, "माझ्या टेबलाजवळ नळ बसवून घ्या. या आठवड्यात."

मग तिने एक छोटा केक पुढ्यात ओढला, कोन उचलला आणि लिहिलं, 'आई चाटत नाही'. खोक्यात घालून भावाच्या हातात दिला.

"घरी ने. बोललात तेवढ्या सगळ्यांनी एकेक तुकडा खायचा. मला वेळ नाही, अजून चार नावं लिहायचीत."