एक जगाची, एक देशाची, एक आपली

शाळेत किस्से गोळा करावे लागत नाहीत. फळ्याखाली खडूची भुकटी साचते तसे ते आपोआप साचतात, आणि कुणी झटकलं की सगळ्यांच्या नाकात जातात. आमच्या शाळेतली निम्मी भुकटी एकट्या पाठक सरांची! परवा स्टाफरूममध्ये चहा घेताना शिंदे सर म्हणाले, "वाघमारे मॅडम, सांगा ना एखादा." एखादा? इथं एकावर थांबतंय कोण!

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावहून जीपनं थोडं आत. जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. पाठक सर मुख्याध्यापक. घर हिंगोलीला, वडील देवळात पुजारी; पण सरांचा देव एकच, परिपाठ! प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार सगळ्याच शाळांत असतात. आमच्याकडचा दिनविशेष मात्र जगावेगळा. सरांचा नियमच होता, आजच्या तारखेच्या तीन घटना पाहिजेत. एक जगाची, एक देशाची आणि एक आपली. आपली म्हणजे या गावची. आणि आपल्या घटनेला "मी पाह्यलं" म्हणणारा जिता माणूस पाहिजे. पोरगं वाचायचं थांबलं की सर बोट वर करून विचारायचे, "साक्षीदार?"

साक्षीदार नसला की पुढचा शब्द ठरलेला, "खोड!"

*

माणूस चंद्रावर उतरला तो दिवस. पाचवीतलं एक पोरगं खणखणीत आवाजात वाचतंय, "आजच्या दिवशी माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला. आजच्याच दिवशी गंगाराम मामांची म्हैस विहिरीत उतरली."

सगळी शाळा हसायला लागली. सर मात्र गंभीर. "साक्षीदार?"

गंगाराम मामा शाळेच्या गेटाजवळच राहतात. ते धोतर सावरत आत आले. "चंद्राचं आपल्याला काही माहीत न्हाई सर. म्हशीचं मी डोळ्यानं पाह्यलं!"

"मग काय झालं?"

"काय व्हनार? दोघंबी सुखरूप परत आले!"

सरांनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहायला लावलं.

*

गावात पहिला टीव्ही कुणाच्या घरी आला, यावर आमच्या गावात अजून दोन आळ्यांचं जमत नाही. एका पोरीनं परिपाठात वरच्या आळीतल्या पाटलांचं नाव वाचलं. दुपारच्या सुट्टीपर्यंत खालच्या आळीतले दुकानदार गेटावर हजर! "सर, हे बराबर न्हाई. पहिला आमचा."

सरांनी पाटलांनाही बोलावून घेतलं, दोघांना खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि काशीआजीला बोलावणं धाडलं. काशीआजी म्हणजे गावची सगळ्यात जुनी साक्षीदार. दात गेले, आठवण शाबूत. आजी आली, ओट्यावर टेकली.

"टीव्ही पह्यलं पाटलाच्या घरी आला," आजी म्हणाली. पाटलांनी मिशीवर हात फिरवला. "पन दिसला पह्यलं दुकानदाराच्या घरी."

"ते कसं काय?"

"पाटलाच्या घरी लाईट कुटं होती!"

तेव्हापासून आमच्या दिनविशेषात दोन वेगळ्या तारखा आहेत. एक टीव्ही आल्याची, एक टीव्ही दिसल्याची. दोन्ही आळ्या खूश.

*

एकदा एक मोठे साहेब भेटीला आले. बदलून गेलेत आता, नाव कशाला घ्या. परिपाठ पाहिला, नियम ऐकला, फार आवडला. मग स्वतःच माईक घेऊन म्हणाले, "मग आपली घटना मी सांगतो. मागच्या वर्षी आजच्याच दिवशी मी या शाळेला भेट दिली होती!"

आम्ही टाळ्यांसाठी हात वर केले होते. तेवढ्यात पाठक सरांचं बोट वर गेलं. "साक्षीदार?"

मी हळूच म्हणाले, "सर, जाऊ द्या ना." जाऊ देतील ते पाठक सर कसले! सर पोरांकडे पाहत राहिले. एक हात वर येईना. शेवटी मागच्या रांगेतून आवाज आला, "सर, साहेबांची गाडी फाट्यावर उभी होती. साहेब भजे खाऊन राहिले होते. मी पाह्यलं!"

सर शांतपणे म्हणाले, "भेटीची घटना खोडा. मागच्या वर्षी आजच्या दिवशी साहेबांनी फाट्यावर भजे खाल्ले, असं लिहा. साक्षीदार हाय."

साहेब आधी लाल झाले आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. जाताना पोरांना भज्यांसाठी पैसे देऊन गेले. माणूस वाईट नव्हता हो.

*

सतरा सप्टेंबरचा मात्र किस्सा नाही म्हणता यायचा. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, त्यामुळे झेंडा, भाषणं, सगळं रीतसर. त्या वर्षी सरांनी काशीआजीला पुढं खुर्चीवर बसवलं. मराठवाडा मुक्त झाला तेव्हा ती एवढीशी पोर होती. पोरांना वाटलं, आता बंदुका, घोडे, पोलीस असं काहीतरी ऐकायला मिळणार.

"आजी, त्या दिवशी तुमी काय पाह्यलं?" सरांनी विचारलं.

आजीनं जरा आठवलं. "लई दिवस मायनं आमाला घरात कोंडून ठिवलं होतं. लेकरानं खोकलं तरी तोंडावर हात ठेवायची. त्या दिवशी मायनं दार उघडलं आन् म्हनली, जा, बाहीर खेळा."

"मंग?"

"मंग खेळलो."

एवढंच. सर त्या दिवशी भाषण करणार होते, केलंच नाही. "जा रे पोरांनो, खेळा," म्हणाले.

*

आता एक जूनचं ऐका. आमच्या पिढीला शाळेत घालताना गुरुजी आईबापाला जन्मतारीख विचारायचे. आईबाप म्हणायचे, "पोळ्याच्या आगेमागे." मग गुरुजी लिहायचे एक जून! त्यामुळे आमचा सगळा स्टाफ एक जूनचा. शिंदे सर तेवढे तीन ऑगस्टचे, म्हणून अजून त्यांच्याकडे जरा संशयानंच पाहतात.

शाळेत आधारकार्डाचा कॅम्प लागला. मशीनवरचा पोरगा बाहेरचा, हिंदी बोलणारा. कार्ड करता करता वैतागला. "सर, पूरा गाँव एक ही दिन पैदा हुआ क्या?"

पाठक सर म्हणाले, "हाँ बेटा. उस दिन दाई को बहुत तकलीफ हुई!"

हसता हसता त्याचा हात हलला आणि माझा फोटो वाकडा आला. तो आजही तसाच आहे.

पण त्याच दिवशी सगळे गेल्यावर सर व्हरांड्यात उभं राहून मला म्हणाले, "मॅडम, एक जूनचा जन्म म्हणजे एकतीस मेला रिटायर. दोन्ही दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीत. म्हशीचा दिवस वाचला, भज्यांचा वाचला. माझा दिवस काही या परिपाठात यायचा न्हाई." बोलले हसूनच, पण मला फार वाईट वाटलं.

*

आणि सरांचा एकतीस मे आलाच. मी सीनियर, म्हणून चार्ज माझ्याकडे. निरोपाचा कार्यक्रम जूनमध्ये शाळा उघडल्यावर ठेवू म्हटलं तर सर ऐकेनात. "तवर मी माजी होईन. माजी माणसाला शाल घालतात मॅडम, परिपाठाला उभं करत न्हाईत."

सकाळीच ऑफिसात चार्ज दिला-घेतला, सह्या झाल्या. सरांनी पेनाला टोपण लावलं आणि बाहेर घंटा झाली.

सर दचकलेच. "सुट्टीत घंटा कोन देऊन राहिलं?"

गंगाराम मामा देत होते! ग्राउंडवर पोरं रांगेत उभी. कुणी युनिफॉर्ममध्ये, कुणी घरच्या कपड्यात. मागे पाटील, दुकानदार, बाया, म्हातारे, डोक्यावर पदर घेतलेली काशीआजी. आज परिपाठ भरवायचाय, एवढं मी फक्त सातवीतल्या सानिकाला सांगितलं होतं. ती गावभर करेल हे मला ठाऊक होतं, ते सोडा!

प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. सानिका पुढं आली. तिनं जगाची घटना वाचली, देशाची वाचली. मग सरांकडे एकदा पाहिलं.

"आपली घटना. आजच्या दिवशी आपले पाठक सर रिटायर झाले."

सरांनी मान खाली घातली. त्यांचा दिवस अखेर वाचला गेला होता. आणि मग सवयीनं म्हणा, की तोंडातून काहीतरी निघायला पाहिजे म्हणून म्हणा, त्यांचं बोट वर गेलं. "साक्षीदार?"

अख्खं गाव उभं होतं. एक हात वर झाला नाही.

सरांनी रांगांवरून नजर फिरवली. "गंगाराम?"

"मी तर घंटा देऊन राहिलो होतो सर. मी काही पाह्यलं न्हाई."

"काशीआजी?"

"मला आताशा दिसत न्हाई बाबा."

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी तर आत्ता माझ्यासमोर सही केली!"

"चष्मा घरी राहिलाय सर," मी म्हणाले. "कशावर केली, काही दिसलं न्हाई."

सरांनी स्वतःचा चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"साक्षीदार न्हाई?" सरांनी पुन्हा एकदा विचारलं.

"न्हाई सर!" सगळी पोरं एका सुरात ओरडली.

"मग खोड ते, सानिका," सर म्हणाले.

सानिकानं तिथंच उभ्या उभ्या खोडलं.