लाल का हिरवा

लढाईच्या दिवसांत आमच्या गावात घरटी एक तरी माणूस पलटणीत होता. आबा, म्हणजे आमचे वडील, स्वतः जुने फौजी. थोरला दादा बऱ्यापैकी शिकलेला, म्हणून साताऱ्याला फौजेच्या सिग्नल खात्याच्या, म्हणजे निरोप धाडणाऱ्या तुकडीच्या, भरतीला गेला आणि दिवेलागणीच्या आत परत आला. डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांची चित्रं समोर धरून त्यांतले आकडे विचारले होते. दादाला नुसते ठिपके दिसले. याला लाल-हिरवा कळत नाही, असं सांगून त्याला घरी पाठवलं.

पोरगं भ्यालं, एवढाच अर्थ गावानं घेतला. आबांनीही तोच घेतला, आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं.

त्यांनी वाफ्यातल्या पिकल्या-कच्च्या मिरच्या टोपलीभर आणल्या आणि दादाला हात न लावता लाल कुठल्या ते सांगायला लावलं. एक बरोबर आली की पुढच्या दोन चुकायच्या. आबांना ते सोंग वाटलं.

"आवं आबा, मला दोनी येकच दिसत्यात."

"येक म्हंजी कुठला? लाल का हिरवा?"

दादा टोपलीकडं बघत राहिला. "त्येच तर मला ठावं न्हाई."

इतक्या सोप्या प्रश्नाला काय अडायचं, म्हणून मलाही त्याचा राग आला. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं.

पुढं मिरचीचा तोडा सुरू झाला. मी आबांची न्याहारी घेऊन मळ्यात गेले, तर ते विहिरीच्या आडोशाला उभे. पलीकडं दादा एकटाच तोडत होता. प्रत्येक मिरची आधी चिमटीत दाबायची, मऊ लागली तर पिकली म्हणून तोडायची, कडक लागली तर सोडायची, ही त्याची लहानपणापासूनची खोड. मिरची तोडतोस का नवरी बघतोस, म्हणून आम्ही बहिणी त्याला चिडवायचो. आसपास कुणी नाही असं त्याला वाटत होतं, तरी तो दाबूनच बघत होता. आबा हलले नाहीत. भाकरी घेऊन मी तशीच उभी राहिले.

चार-दोन दिवसांनी शेजारचे काका आमच्या सोप्यात आबांजवळ पान खायला बसले होते. त्यांचा मुलगा लढाईवर. त्यांनी मुद्दाम दादाच्या भरतीचा विषय काढला. दोन्ही एकच दिसतं म्हणजे नेमकं कुठलं दिसतं, असं हसत विचारलं. दादा सोप्याला लागूनच्या गोठ्यात धार काढत होता. चरवीतल्या धारेचा आवाज थांबला.

"त्येच तर त्याला ठावं न्हाई," आबा म्हणाले. "पर माजं पोरगं खोटं बोलत न्हाई."

जरा वेळानं धार पुन्हा सुरू झाली.