जिवतीच्या जागी चिकटवलेलं पान

मुलांनो,

मागच्या सोमवारी फोनवर तुम्ही मला तुमच्या खोलीतलं नवं चित्र दाखवलंत. सूर्य मुठीत धरून उभा असलेला तो अवाढव्य माणूस. त्याला सगळं विश्व संपवायचं आहे आणि त्याचा जीव मरणावरच जडलेला आहे, असं तुम्ही सांगितलंत. धाकट्याने विचारलं, "आजी, तुला याची भीती वाटते?" मी हो म्हटलं. तुम्ही दोघंही हसलात, आणि मग तुमची शाळेची वेळ झाली.

मी थट्टा करत नव्हते. असाच एक जण माझ्या लहानपणी एक महिनाभर आमच्या भिंतीवर राहून गेला. तुमच्या आईलासुद्धा मी हे कधी सांगितलेलं नाही. पंच्याहत्तरी ओलांडली, गोष्टींचा क्रम चुकायला लागला आहे. तो पुरता चुकण्याआधी लिहून ठेवते.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी अकरा वर्षांची होते. आम्ही अमरावतीत राहत होतो आणि मी तिथल्या इंग्रजी शाळेत जात होते. माझे मावसे बडनेऱ्याला रेल्वेत होते. पहिल्या वर्गाच्या डब्यात प्रवासी काही विसरून गेले, कुणी मागायला आलं नाही, की ते कधीकधी माझ्यासाठी आणत. एकदा त्यांनी एक रंगीत चित्रांचं इंग्रजी पुस्तक आणलं. त्याला कव्हर नव्हतं आणि शेवटची पानंही नव्हती. वडिलांना असली पुस्तकं खपत नसत, म्हणून मी ते कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी ठेवलं.

त्या पुस्तकात एका राखाडी राजाची जन्मकथा होती. तो जन्मतः राजा नव्हता. आकाशातले तारे रोज पेटवण्याचं त्याचं काम होतं, जसे आपल्याकडे पूर्वी रस्त्यावरचे कंदील पेटवणारे लोक असत. त्याची धाकटी बहीण मेली. तिला परत मागायला तो मरणाच्या दारी गेला. मरण म्हणजे डोक्यावरून पदर घेतलेली एक उंच बाई होती. तिने बहीण दिली नाही, पण त्याला हाकललंही नाही. तो दारात बसून राहिला. बसून बसून बहिणीला विसरला आणि त्या बाईवरच त्याचं मन बसलं. मग तिला खूश करायला तो आपणच पेटवलेले तारे एकेक करून विझवायला लागला. प्रत्येक विझलेला तारा झोपलेल्या बाळासारखा काढलेला होता, आणि तो ते बाळ तिच्या मांडीवर नेऊन ठेवायचा.

पुस्तकाच्या मधोमध दोन पानं मिळून एक मोठं चित्र होतं. ती बाई बसलेली. मांडीवर, खांद्याशी, बाजूच्या चंद्रकोरीच्या पाळण्यात सगळीकडे झोपलेली बाळं. पायाशी दात विचकलेला राखाडी राजा गुडघे टेकून बसलेला. बाईच्या मांडीवर उजवीकडे एक जागा रिकामी होती. खाली इंग्रजीत त्याचं वाक्य होतं, त्याचा अर्थ असा: "आता एकच, सगळ्यात लहान. मग मांडी भरेल." मी ते चित्र दिवसा बघायची आणि पुस्तक मिटल्यावरही ते दिसत राहायचं.

त्या वर्षी जूनमध्ये वडिलांची अकोल्याला बदली झाली. जठारपेठेत तीन खोल्यांचं भाड्याचं घर मिळालं. वडील आठवडाभर दर्यापूरकडे फिरतीवर असत आणि रविवारी घरी येत. घरात आई, वडिलांची आई म्हणजे माझी आजी, मी आणि माझी पाच वर्षांची बहीण. आषाढ संपता संपता बहिणीला ताप भरला.

आषाढी अवसेला आपल्याकडे जिवतीचा कागद भिंतीवर लावतात. तुम्ही तो पाहिलेला नाही. जिवती ही लेकरांना जपणारी देवी. कागदावर ती मुलांना मांडीवर घेऊन बसलेली असते, पाळणा असतो, वर नरसिंह दैत्याला फाडत असतो. महिनाभर तो कागद भिंतीवर राहतो. श्रावणातल्या दर शुक्रवारी त्याची पूजा करून आया मुलांना ओवाळतात.

अवसेच्या सकाळी आजीने मला बाजारातून कागद आणायला सांगितलं. आजी घरातले सगळे दिवे घासत बसली होती, आई बहिणीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती. मी "जाते" म्हटलं आणि देवघराशेजारच्या कोपऱ्यात बसून पुस्तक वाचत राहिले. निघाले तेव्हा दुपार झाली होती. पुस्तक घाईने वळकटीत खुपसलं. बाजारातल्या बाईने गोणपाट गुंडाळलं होतं. ती म्हणाली, "जिवती काय दुपारी घेतेत, बाई? सकाळीच सरल्या."

काय थाप मारावी ते ठरवत मी घरी आले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ती बाई बसलेली होती.

पुस्तकाच्या पिना गंजल्या होत्या. मधलं जोडपान सुटून जमिनीवर पडलं होतं, ते आजीच्या हाती लागलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने मांडीवरची बाळं पाहिली, पाळणा पाहिला, पायाशी दैत्य पाहिला. कात्रीने कडा नीट कापल्या आणि खळ लावून पान चिकटवलं. कडांबरोबर खालचं वाक्यही गेलं होतं.

"काय वं पोट्टे," आजी म्हणाली, "कागद आनून ठेवला अन् सांगत नाईस? खाली पडला होता. जिवतीवर पाय पडला असता म्हंजे?"

मी म्हणाले, "विसरले."

एवढंच म्हणाले. बोलणी खावी लागणार नव्हती, पुस्तक उघडकीला येणार नव्हतं. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं. भीती त्यानंतर तासाभराने आली. आईने पहिलं हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि म्हणाली, "माझ्या लेकराकडे लक्ष ठेव, माय."

ताप उतरेना. डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला. तीन आठवडे जपावं लागेल म्हणाले, कडू कॅप्सुली दिल्या आणि फक्त पातळ पेज द्यायला सांगितलं. बहिणीची गादी मधल्या खोलीत दाराशी होती. तिथून स्वयंपाकघराची भिंत सरळ दिसे. आई रोज पूजा करी. शुक्रवारी कापसाची माळ, आघाडा, दूध-साखर, चणे-फुटाणे. मी पाण्याचा पेला घेऊन त्या भिंतीसमोरून जाताना डोळे जमिनीवर ठेवायची. तरी मला कळायचं की जागा अजून रिकामी आहे. सगळ्यात लहान. घरात सगळ्यात लहान कोण, हे मला कुणी सांगायला नको होतं.

पहिल्या रविवारी वडील आले तेव्हा मला वाटलं, आता त्यांना कळेल. ते जेवायला बसले, वर पाहिलं आणि म्हणाले, "हल्ली कसले भडक रंग वापरतात हे छापखानेवाले." मग भाताचं आळं केलं आणि वरण मागितलं.

पान काढायचा प्रयत्न मी एकदा केला. आई झोपली होती. मी पाटावर चढले आणि नखाने कोपरा उचलला. खळ वाळून दगड झाली होती. कागद फाटायला लागला तेव्हा राजाचा एक दात माझ्या बोटाखाली होता. मी पाटावरून उतरले आणि न्हाणीत जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले.

तिसऱ्या शुक्रवारी दुपारी बहिणीला ग्लानी आली होती. आई डॉक्टरांकडे गेली होती. आजी उशाशी बसून पंख्याने वारा घालत होती आणि मी पायाशी होते. बहिणीने डोळे उघडले, भिंतीकडे पाहिलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "आजी, त्या बाईजवळ जागा हाये. मी जाऊ?"

आजीचा चेहरा उजळला. "जा नं माय," ती म्हणाली. "जिवती हाये ते. बस तिच्या मांडीवर."

"नाही," मी ओरडले. "नको, आजी, तिला जा म्हणू नकोस."

आजीने मला दंडाला धरून अंगणात नेलं. "कावून बोंबलली? लेकरू दचकलं नं."

मी सगळं सांगितलं. बाजारात उशिरा गेले ते, पुस्तकाचं, आणि ती बाई कोण आहे ते. मला वाटलं होतं, आजी मारेल. ती खाली दगडावर बसली. पदराचं टोक तिने तोंडात धरलं होतं, आणि ते पाहून मी जास्त घाबरले. मोठी माणसं घाबरतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग ती म्हणाली, "अन् तो खालचा कोन?"

मी राजाची गोष्ट सांगितली. तारे पेटवण्याचं काम, मेलेली बहीण, ते दारात बसणं, विझवलेली बाळं. आजी मन लावून ऐकत होती.

"त्या बाईनं मागतली होती काय लेकरं?"

"नाही. तो आपणच नेऊन देतो."

"मेला रिकामटेकडा," आजी म्हणाली. "न मांगता आहेर घेऊन कोनी कोनाच्या दारात जाते काय? बईन गेली तं रडाव, दोन घास कमी खाव, अन् कामाले लागाव. मंग शेवटी काय झालं त्याचं?"

"शेवटची पानं नव्हती."

"बरं झालं नव्हती ते."

"आपण पान काढू या, आजी. आत्ता."

"येड लागलं काय? तीन शुक्रवार पूजा खाल्ली तिनं. हळदकुंकू लावलं, दूध देल्लं. घरी बसवलेल्या बाईले महिना व्हायच्या आत भिंतीवरून ओरबाडतेत? कोनी बी असो ते."

ती मग गुडघ्यावर हात टेकून उठली. "ओटी भरू तिची. सवाशीण घरी आली, राह्यली, तिची ओटी भरली की ते आपल्या घरी जाते. अन् मांडी भरल्यावर जागा राह्यते कुठं?"

ओटी म्हणजे पाहुण्या बाईच्या पदरात तांदूळ, सुपारी, हळकुंड, खारीक घालून तिला मानाने निरोप देणं. आजी विधवा होती. त्या काळी तिच्या हातची ओटी चालत नसे. आईला सांगायचं नाही, असं आमचं दोघींचं ठरलं. आईला तेवढं सोसलं नसतं.

"तू कुवारीन हायेस. तुह्या हातानं चालते," आजी म्हणाली. चालतं की नाही, तिलाही ठाऊक नसावं.

मी पुन्हा त्या पाटावर चढले. आजीने खालून ताम्हन धरलं होतं. चिमूटभर तांदूळ त्या मांडीला लावले तर ते खाली घरंगळले. आजीने हळद पाण्यात कालवून घट्ट केली. तो गोळा मला त्या रिकाम्या जागेवर दाबायचा होता, त्यावर एक तांदूळ, एक खारकेचा तुकडा. माझा हात पुढे जाईना. मधल्या खोलीतून बहिणीचा श्वास ऐकू येत होता, घरघरणारा. मी डोळे मिटले आणि अंगठ्याने हळद दाबली. कागद माझ्या अंगठ्याखाली थंड लागला. तो ओलाव्यानेच थंड झाला असणार. पण आज लिहितानाही अंगठ्याला ते जाणवतं.

आजी हात जोडून भिंतीला म्हणाली, "बाई, तू कोन हायेस हे आमाले आता मालूम झालं. भरल्या ओटीनं जाय. बलावू तवा ये." मग म्हणाली, "मी हायेच की. मले ने. घाई नाई."

त्या शेवटच्या शब्दांनी मला सगळ्यात जास्त भीती वाटली. संध्याकाळी आई आली. तिने हळदीचा गोळा पाहिला आणि म्हणाली, "हे काय?" आजी म्हणाली, "नवस."

ताप त्या दिवशी उतरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चार-पाच दिवसांनी हळूहळू उतरला. डॉक्टर म्हणाले, कॅप्सुली लागू पडल्या, आणि तेच खरं आहे. बहीण उठून बसली तेव्हा कळलं की तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. विषमज्वराने असं होतं, डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मला मात्र कित्येक वर्षं वाटत राहिलं, की ती बाई अगदी रिकाम्या हाताने गेली नाही.

श्रावण संपल्यावर आजीने भिंतीवर पाणी लावून पान सोडवलं. रीत नदीत सोडायची. तिने ते वाळवलं आणि मला दिलं. "हे पान्यात सोडाची माही छाती नाई," ती म्हणाली. "तुले तिची भाषा येते. तूच सांभाळ."

आजी त्यानंतर अकरा वर्षं जगली. दरवर्षी अवसेला मी पहाटेच बाजारात जाऊन कागद आणत असे, आणि तो भिंतीला लावण्याआधी ती मला विचारी, "नीट पाह्यला काय? कोन हाये?"

पुढे मी इंग्रजीत पदवी घेतली आणि इंग्रजीच शिकवलं. असली पुस्तकं वर्गात मुलांच्या बाकाखाली सापडायची. मी ती जप्त करायची आणि सुट्टी झाली की परत द्यायची, पण स्वतः कधी उघडून बघितलं नाही.

बाकीचं पुस्तक कुठल्याशा बदलीत रद्दीत गेलं. ते पान माझ्या लोखंडी कपाटात वरच्या खणात, जाड कागदाच्या घडीत आहे. रंग उडाले आहेत, राजाचा एक दात फाटलेला आहे, उजवीकडे हळदीचा डाग आहे. माझी बहीण जठारपेठेतच राहते. तिच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागतं.