पडदाभर फुलपाखरू

मावशीने बागेत टिपलेल्या फुलपाखरांची वेबसाइट भाचीने हौसेने बनवली. ती वेब डिझायनरच होती. तिच्या लॅपटॉपवर फोटो ओळीत छान बसले. मावशीच्या जुन्या टॅबवर मात्र सगळी मांडणी कोलमडली आणि एकेक फोटो पडदाभर पसरला.

"या जुन्या ब्राउझरने माझा जीव खाल्लाय! आण इकडे, दुरुस्त करते."

"थांब गं," मावशी टॅब सोडेना. "ही दोन आपण एकाच जातीची समजत होतो ना? याच्या पंखाची कड बघ, दातेरी आहे."

भाचीचा राग कुठल्या कुठे पळाला. दोघी डोक्याला डोकं लावून एकेक पंख न्याहाळत बसल्या. आणखी एक वेगळं निघालं. मग लॅपटॉपवरही फोटो पडदाभर करायची सोय तिने केली.