तुराटीचं माप

तुळसाबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता तर तुम्ही नाहीच, तेव्हा बोलल्यासारखंच लिहिते. मध्ये अडवू नका.

सन बासष्ट. बोरी अरबच्या वसतिगृहात तुम्ही चाळीस मुलांच्या भाकरी एकट्या थापायच्या. मी नागपूरची बी.ए., विकास खात्याची मुख्यसेविका, बिनधुराच्या चुलीचा प्रचार करत हिंडणारी. तुमचे डोळे लालभडक, पदर सारखा डोळ्यांना. डॉक्टरांनी बजावलं होतं, धूर सोडा, नाहीतर दिसणं जाईल. पण धूर सोडायचा म्हणजे भाकरी सोडायच्या, आणि तुमचा नवरा उकंडा गेल्यापासून घर त्या भाकरींवरच चाललं होतं.

"एवढंच ना?" म्हणून मी पंपाचा स्टो आणला. तुम्ही तो कोनाड्यात ठेवलात. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्या कोनाड्यातले देव तुम्ही उतरवले होते, तिथे काड्यापेटी आणि मीठ असायचं. स्टो पेटला. ज्योत तव्याच्या मधोमध फुसफुसत राहिली, भाकर मधे काळी आणि कडेला कच्ची.

"बाई, याले एकच जागा दिसते काय?" तुम्ही म्हणालात. "न् भाकर उभी कायले टेकवू? याच्या आवाजाले?"

खरंच होतं. भाकर तव्यावरून काढून निखाऱ्यांसमोर उभी करावी लागते, तेव्हा ती फुगते. स्टोला निखारे कुठले? मग वातीचा स्टो आणला, त्यावर चाळीस मुलांच्या भाकरी व्हायला दुपार झाली. शेगडी छान तापायची, पण कोळसा यवतमाळहून आणणार कोण?

मग मी माझी चूल बसवली. बंद मातीचं अंग, मागे धुराचं नळकांडं. धूर गेला. तुमचे डोळे आठवड्यात निवळले. भाकरी मात्र फुगेनात. मुलं ओरडली, "मावशी, आज पापड हाय काय?"

मी वैतागले. नकाशाप्रमाणे सगळं बरोबर होतं. तुम्ही चुलीपुढे बसून बराच वेळ नुसता हात फिरवत होता. मग म्हणालात, "तुमची चूल धूर खाते तं आचही खाते नं बाई. नळी उघडी ठेवली की सारी गरमी वर पळून राह्यली."

आणि नळकांड्याच्या तोंडाशी फुटक्या कौलाचा तुकडा सरकवलात. लाकूड पेटताना कौल बाहेर, निखारे झाले की आत. धूर नाही आणि आच जागेवर. त्या दिवशी भाकर टम्म फुगली. मी कॉलेजात शिकलेली, मला हे सुचलं नव्हतं. वर पाठवलेल्या अहवालात मी "स्थानिक सुधारणा" एवढंच लिहिलं. तुमचं नाव घातलं नाही, हेही आज सांगून टाकते.

पण कौल तापायचं. दर घाण्याला ते ओढताना तुमची बोटं भाजायची. तुम्ही तुराटीची, तुरीच्या वाळक्या झाडाची, काडी नळकांड्यात आडवी घालून तिथल्या तिथे मोडलीत आणि माझ्या हातात दिलीत. "एवढ्या रुंदीचा पत्रा पाह्यजे, लांब दांडीचा. यवतमाळात कोणी पत्रेवाला असंन तं करून आना. इसरू नका बरं."

"विसरेन कशी?"

विसरले नाही. यवतमाळला सकाळी घाईत शेगडी पेटवायची होती, बारीक सरपण सापडेना, टेबलावर तुराटी दिसली. पेटल्यावर लक्षात आलं. तुमच्या-माझ्या भागात तुराटी दिसली की हात चुलीकडेच जातो, पण ही सबब झाली. दुसरं माप मागायला यायची लाज वाटली. आठ दिवसांनी जाऊ म्हटलं, तेवढ्यात झरी जामणीला बदलीचा हुकूम आला.

दोन वर्षांनी वसतिगृहाचे वामनराव भेटले. सांगितलं की बोटं सोसेनात म्हणून तुम्ही कौल कायमचं आतच ठेवलं. मुलांना फुगलेली भाकर मिळत होती आणि धूर पुन्हा तुमच्या तोंडावर येत होता. डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं.

झरीहून बोरीला दोन बस बदलून जाता येत होतं. झरीच्या बाजारात पत्रेवालाही बसायचा. त्याला मी माझ्यासाठी चाळणी करायला सांगितली. तुमचा पत्रा सांगितला नाही.