आमच्या गल्लीची नजीबभाई कमिटी

चार माणसांनी मिळून एखादं काम अंगावर घेतलं, की काम फाईलमध्ये अडकतं आणि किस्से घरोघरी पोचतात. जुन्या जालन्यात आमच्या गल्लीनं कमिटी केली, त्याला वर्ष होत आलं. फाईल अजून एकच आहे. किस्से मोजायचे सोडून दिलेत!

नजीब अफगाणिस्तानातून परभणीला शेतीचं शिकायला आल्ता. मागून बायको आली, फरीदा. ती तिकडे मुलींच्या शाळेत शिकवायची. सरकार बदललं, शाळा बंद झाली, तिच्या भावाला घरातून उचलून नेलं. तो परत आलाच नाही. व्हिसा संपला तरी परत जायची सोय राहिली नाही, म्हणून हे दोघं जालन्यात येऊन राहिले. पारसशेठच्या कापड दुकानावरच्या खोलीत.

*

नोटीस आल्याचं त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. एका सकाळी फरीदानं समोरच्या कांताबाईंच्या ओट्यावर त्यांचे पाच डबे आणून ठेवले. धुऊनपुसून, प्रत्येकात मूठभर साखर. डबा रिकामा देत नसतात, हे तिला कांताबाईंनीच शिकवलेलं.

एक डबा आला असता तर ठीक. पाच बघून कांताबाई तडक जिना चढल्या. "कुठं चाललीस गं?"

फरीदानं कागद पुढं केला. पंधरा दिवसांत देश सोडा! खोलीत बॅगा भरलेल्या.

कांताबाई खाली आल्या आणि पाचही डबे परत वर नेऊन ठेवले. "राहू दे इथंच. माझ्या घरात जागा न्हाई!"

*

मी तहसीलमधून रिटायर झालेला कारकून, म्हणून कमिटी झाली तसं नोटीस रद्द करा असा अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवस खपलो. "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन सादर करण्यात येते की, सदर इसम..." असा दोन पानं. मीटिंगमध्ये वाचून दाखवला.

कांताबाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, हे ऐकून मलाच देश सोडावा वाटून राह्यला!"

शेवटी गल्लीतल्याच एका वकीलबाईंनी तो साध्या मराठीत लिहिला आणि कोर्टात केसही टाकली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीच्या सह्या झाल्या.

*

परदेशी लोकांचं काम बघणारे पोलीस साहेब चौकशीला आले. पारसशेठला म्हणाले, "शेठ, वरची खोली रिकामी करून घ्या."

पारसशेठनी आधी चहा मागवला. मंग म्हणाले, "साहेब, दुकानाशेजारी माझा एक भाडेकरू हाय. बावीस वर्षं कोर्टात केस चालू हाय, निघायचं नाव घेत न्हाई. पहले त्याला काढा. मंग नंबरानं वरच्यांचं बघू!"

साहेबांनी चहा घेतला आणि गेले.

*

वकीलबाईंनी बजावलं होतं, "कुणी न्यायला आलं तर आधी मला फोन करा." म्हणून जिन्याजवळ आमची पाळी असायची. कांताबाईंकडे थाळी दिलेली. खाकी कपडे दिसले की वाजवायची!

एका दुपारी वाजली. गल्ली धावली. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या तोंडाला साबण. पारसशेठ गळ्यात टेप घेऊन. जिन्यावर एक खाकीवाला घेरला गेला. बघतो तर लाईटचं मीटर बघायला आलेला माणूस!

वर फरीदा बॅग घेऊन दारात उभी होती. कांताबाईंनी तिच्या हातातून बॅग काढून घेतली. "लाईटवाला हाय. बस."

तो बिचारा घाम पुसत म्हणाला, "आजवर मला बघून लोक दार लावायचे. एवढं स्वागत पहिल्यांदाच!"

*

मुदत संपायच्या दिवशी आम्ही सगळे एसपी ऑफिसला गेलो. मंठ्याहून दगडूआप्पा टेम्पोभर शेतकरी घेऊन आल्ते. नजीब त्यांच्या डाळिंबाच्या बागांत जाऊन छाटणी शिकवायचा. आप्पांनी त्या चौकशीवाल्या साहेबांच्या टेबलावर डाळिंबाचं क्रेट ठेवलं.

साहेब म्हणाले, "भेटवस्तू चालत नाही."

"भेट न्हाई साहेब, पुरावा हाय! नजीबभाई यायच्या आधी असलं एक फळ निघत नव्हतं."

"पुरावा फाईलला लावता येत नाही, आप्पा."

"मंग खाऊन टाका, अन् ध्यानात ठेवा!"

दुपारी वकीलबाईंचा फोन आला. निकाल लागेपर्यंत दोघांना कुठंही पाठवायचं नाही, असं कोर्टानं सांगितलं होतं. नजीब ऑफिसच्या पायरीवर खाली बसला. आप्पाही शेजारी टेकले.

*

आता दर महिन्याला दोघांना एसपी ऑफिसात हजेरी द्यावी लागते. पहिल्या हजेरीला कांताबाई सोबत गेल्या. कॉन्स्टेबल फरीदाचा फॉर्म भरत होता. "भारतातले जवळचे नातेवाईक?"

फरीदानं कांताबाईंकडं बघितलं. ती तशीही पोलिसांपुढं फार बोलत नाही.

कांताबाई म्हणाल्या, "माझं नाव लिहा."

"नातं काय?"

"रोज नळावर भांडतो आम्ही."

"बाई, भांडण हे काय नातं असतं का?"

"का? तुमच्या घरात जावा-जावा न्हाईत का? लिहा, जाऊ!"

कॉन्स्टेबलनं इकडंतिकडं बघितलं आणि लिहून टाकलं. फॉर्म साहेबांपुढं गेला. साहेबांनी चष्मा चढवला.

"हे काय लिहिलंय? जाऊ? कुठं जाऊ?"

कांताबाई तोंड उघडणार, तेवढ्यात फरीदाच म्हणाली, "कुठंच न्हाई, साहेब!"